कोंढ्यावरचा लाल गोल

३ मे, शनिवार

प्रतिक्षाच्या नेमणुकीची ऑर्डर आली. वेळ सकाळी अकरा चाळीस. पोस्टमनने सही माझी घेतली. भंडाऱ्याची कचेरी, पद कनिष्ठ सहायक, हजर होण्याची मुदत तीस जून. तीनदा वाचली. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचली.

रिटायर होऊन आठ महिने झाले. एसटीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली सोळा कंट्रोलर म्हणून. कोणती गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर काहून झाला, हे नोंदवहीत चढवायची हाताला सवय आहे. आता गाड्या नाहीत, म्हणून घराची नोंद ठेवतो. बोलताना मले-तुले, लिहिताना मला-तुला, असा नियम केला आहे. तरी एखादं 'काहून' घुसतंच.

माझा बाप लोकांच्या बांधीत, चिखलात उभा राहून धानाची रोवणी करायचा. आमच्या घरात खुर्ची मिळालेला पहिला मी. तीही स्टँडवरची, एक पाय आखूड असलेली, खाली तिकिटांचे जुने गठ्ठे लावून सरळ केलेली. पोरीची खुर्ची पंख्याखाली असणार आणि तिचे चारही पाय सारखे असणार. आयुष्यात एवढंच पाहायचं होतं, ते झालं.

बायकोला, रत्नमालाला म्हटलं, पेढे आणतो. तर ही बाई म्हणते, "आधी पोरीले तर विचारा." आता यात पोरीला काय विचारायचं? परीक्षा तिनेच दिली ना? संध्याकाळी पेंटर धर्मेंद्रकडे दारावरची पाटी सांगून आलो. निळ्यावर पांढरी अक्षरं. वर 'प्रतिक्षा गुलाब सुखदेवे', खाली 'कनिष्ठ सहायक'.

७ मे, बुधवार

पोरगी नागपूरहून घरी आली आहे, पण दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली. एम. टेक.चं शेवटचं काम जूनमध्ये द्यायचं आहे. आज खुर्ची ओढून बाजूला बसलो. म्हटलं, आहे तरी काय हे?

तर म्हणे विमानाला वाट काढून देणारा प्रोग्राम. खाली शत्रूची रडार, तोफा, क्षेपणास्त्रं असतात. त्यांना वळसा घालून, तरी कमीत कमी तेलात, विमान कसं न्यायचं ते हा प्रोग्राम शोधतो.

मी म्हटलं, "आकाशात कायची वाट वं? मोकळंच तर आहे सारं."

तिने नकाशा दाखवला. पाहतो तर आपलाच भंडारा जिल्हा! त्यावर बारीक चौकटी आखलेल्या, आणि जागोजागी लाल गोल. एक गोल बरोबर कोंढ्यावर. कोंढ्याला माझी मोठी बहीण राहते, विमलाबाई.

"आत्याच्या घरावर क्षेपणास्त्र ठेवलं काय तुनं?"

"उदाहरण आहे बाबा. धोका कुठीतरी ठेवा लागते."

"मंग शेजारच्या जिल्ह्यात ठेव नं."

हसली. मग हळूच म्हणाली, की सर म्हणतात हे काम नीट जमलं तर बंगळूरला एका संस्थेत तीन वर्षं याच विषयावर पुढे संशोधन करता येईल. विद्यावेतनही मिळतं. मी म्हटलं, "शिकनं झालं आता. तीस जून ध्यानात ठेव." तिने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि पाणी प्यायला उठली. उन्हाळाच तसा आहे, तहान लागते.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात वंदना, मग खीर. विमलाबाई कोंढ्याहून आली होती. पांढरं लुगडं, हातात डबा. मी जो भेटेल त्याला ऑर्डरची बातमी दिली. तेवीस जणांना सांगितलं. त्यातल्या दोघांना दोनदा, असं रत्नमालाचं म्हणणं आहे.

परत येताना प्रतिक्षा माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "बाबा, एकाच टायमाले दोन गाड्या लागल्या, अन् मानसाजवळ दोन्हीचं रिझर्वेशन असलं, तर त्यानं काय करावं?"

कंट्रोलरच्या पोरीला शोभेल असाच प्रश्न विचारला. मी सांगितलं, "जे समोर उभी आहे तिच्यात बसावं. दुसरीची वाट पाहनारा स्टँडवरच राहते." ती मान खाली घालून चालत राहिली. उत्तर पटलं असावं.

१९ मे, सोमवार

सरांचा मेल आला. विमान वाचतं, पण वाट फार लांबची काढतं, अर्ध्यात तेल संपेल, असं लिहिलं. पोरगी तोंड पाडून बसली. मी म्हटलं, मले समजावून सांग. तेहतीस वर्षं वाटाच तर काढल्या. नाल्याला पाणी आलं की कोणती गाडी कुठून काढायची, हे झोपेतही सांगत होतो.

समजलं ते असं. विमान आपल्या पवनीवरून निघून आंधळगावला पोचवायचं आहे. मोकळ्या चौकटीतून गेलं की खर्च एक. लाल गोलाच्या काठावर दहा. गोलाच्या पोटात पाचशे. म्हणजे लाल गोलातून जायला बंदी नाही, फक्त महाग पडतं. प्रोग्राम प्रत्येक चौकटीवर दोन आकडे मांडतो. पहिला, इथपर्यंत किती खर्च झाला. दुसरा, इथून पुढे अजून किती लागेल त्याचा अंदाज. बेरीज जिथे सगळ्यात कमी, तिथून पुढची चौकट उघडून बघायची. त्यामुळे सगळा जिल्हा पालथा घालावा लागत नाही. याचं नाव ए-स्टार.

पहिला आकडा पक्का, दुसरा अंदाजाचा. अंदाजाचा नियम मात्र कडक आहे. तो खऱ्यापेक्षा कमी निघाला तर चालतं, जास्त कधीच निघू नये. "कमी धरला तर दोन चौकटी जास्तीच्या पाहा लागतेत," ती म्हणाली, "पन चांगली वाट हातची जात नाही. जास्त धरला, तर चांगल्या वाटेकडं प्रोग्राम पाहतच नाही."

मला हसू फुटलं. आपल्याकडे वाटेवरच्या माणसाला विचारा, अमुक गाव किती लांब? "हे काय जी, इथंच आहे." मग ते दोन कोस असो की दहा. पायी निघालेला माणूस घामाघूम होतो, पुन्हा विचारतो, पुन्हा तेच, "आता काय, इथंच आहे." या 'इथंच'पायी मी नोकरीभर कंडक्टर लोकांवर ओरडलो. प्रवाशाला किलोमीटर सांगा, आकडा सांगा, इथंच म्हणजे काय? जन्मात कोणाला 'इथंच' म्हटलं नाही मी.

"बाबा, प्रोग्रामले अशीच मानसं लागतेत," प्रतिक्षा म्हणाली. "लांब आहे म्हणून भेव दाखवनारा नाही पाहिजे."

दोन आठवड्यांनी पोरगी खळखळून हसली. मलाही बरं वाटलं.

२३ मे, शुक्रवार

नकाशाचा कागद छापून घेतला होता. आज दुपारी भिंग लावून बसलो. विमान कोंढ्याच्या गोलाला असा मोठा वळसा घालतं की जसं काही जिल्ह्याची सहल काढली आहे. पण कोंढ्याचा गोल आणि त्याच्या पलीकडचा गोल, यांच्या मधात दोन चौकटींची फट आहे. काठ लागतो, पण पोट लागत नाही.

"इथून गाडी निघते," मी म्हटलं.

"निघत असती तर प्रोग्रामनं काढली असती बाबा."

"त्यानं तिकडं पाहिलंच नसन."

दोन तास तिने खटपट केली. मग डोक्याला हात लावला. खरंच, त्या फटीच्या चौकटी प्रोग्रामने उघडल्याच नव्हत्या. समोर लाल गोल दिसला की ती अंदाजात आधीच भर घालत होती. मी विचारलं, काहून? म्हणाली, "भेवानं. लाल दिसलं की वाटे, थोडं वाढवूनच धरावं."

तेव्हा मी तिला वऱ्हाडाची गोष्ट सांगितली. तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट, एका लहान स्टँडवर मी रजेवरच्या कंट्रोलरच्या जागी बसलो होतो. स्टँडचं नाव इथे लिहीत नाही, अब्रूचा प्रश्न आहे. मे महिना, अवकाळी पाऊस. फोन आला की पुढच्या नाल्यावर कंबरभर पाणी आहे. मी वऱ्हाडाची गाडी थांबवली. नवरदेव म्हणतो, "साहेब, एकदा पाहून तर या." मी म्हटलं, पाहायचं काय, फोन आला आहे. चार तास गाडी अडवली. नवरदेवाने शेवटी पँट दुमडली आणि निघाला पायी. नाल्यात पाणी पोटरीएवढंही नव्हतं. लग्न लागलं, नवरदेव जेवला, आणि इकडे अख्खं वऱ्हाड स्टँडवर चिवडा खात बसलेलं. पुढे कितीतरी दिवस लोक मला पाहिलं की आपल्या पोटरीला हात लावून म्हणायचे, "साहेबाची कंबर एवढी आहे."

प्रतिक्षा हसता हसता थांबली. म्हणाली, "एकदा पाहून याले पाहिजे होतं नं बाबा?"

म्हटलं, पाहिजे होतं. मान्य आहे.

२९ मे, गुरुवार

नवी वाट निघाली! बरोबर माझ्या फटीतून. सरांचा मेल, 'उत्तम'. विमान आता सरळ जातं, कोंढ्याच्या काठाला घासून. विमलाबाईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणते, "माह्या घरावरून विमान कायले नेता रे? छपरावरचे कवेलू हालतीन."

जेवताना प्रतिक्षा म्हणाली, "बाबा, एक बोलाचं होतं. रागावसान नाही नं?"

मी म्हटलं, "आज मी कायले रागावू? आज मी इंजिनीअर झालो. पाटी आली की ती दारावर कशी दिसते ते पाहू, खोली पाहाले भंडाऱ्याले जाऊ. तुह्या कचेरीत आपला अंकुश आहेच, त्याले सांगून ठेवतो."

"राहू द्या मंग," म्हणाली. काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं. अंकुश म्हणजे विमलाबाईचा मुलगा, त्याच कचेरीत शिपाई आहे. घरचं माणूस असलं की पहिल्या दिवशी बुजायला होत नाही.

५ जून, गुरुवार

रत्नमाला या आठवड्यात तिसऱ्यांदा कोंढ्याला गेली. लोणच्याचा मसाला, म्हणे. एवढं लोणचं खाणार कोण?

धर्मेंद्रकडे गेलो. पाटीवर नाव झालं आहे, फार सुंदर, पण खालची ओळ कोरी. म्हणतो, पांढरा रंग संपला. गेल्या वेळी म्हणत होता ब्रश बिघडला. कारागीर माणसाचं असंच असतं, कोणाचं ऐकत नाहीत.

१५ जून, रविवार

प्रतिक्षाचं काम पास झालं. सरांनी तिच्या प्रबंधात माझेही आभार मानायला परवानगी दिली. 'एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक श्री. गुलाब सुखदेवे यांनी अंदाजातील चूक दाखवून दिली.' हे पान झेरॉक्स करून ठेवलं आहे. तीन प्रती.

नवीन सुटकेस आली, भली मोठी, चाकांची. भंडारा इथून दीड तास, एवढी सुटकेस कशाला? रत्नमाला म्हणाली, "पोरीच्या जातीले सामान लागते." विमलाबाई आली होती. चहा पिता पिता मला विचारते, "काहून रे गुलाब, तिकडं मराठी समजते काय लोकायले?" मी म्हटलं, "बाई, भंडाऱ्याले नाही समजनार तर कुठी समजन?" तिघीही एकदम चहात पाहू लागल्या. विमलाबाईचं वय झालं आता.

२१ जून, शनिवार

अंकुशला फोन केला, खोलीचं विचारायला. उचलला नाही. चार वेळा केला. मेसेज आला, 'मामा मीटिंगमध्ये आहे.' शिपायाची कसली मीटिंग? बरं, आतापासून गुंतलेला दिसतो. मीच जाऊन येईन एक दिवस, न सांगता. पोरीला खोलीची किल्लीच हातात देतो. कशी खूश होते बघा!

२७ जून, शुक्रवार

सकाळी आठच्या गाडीने भंडाऱ्याला गेलो. घरी सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे जातो. कचेरीजवळच एक खोली पाहिली, नळ आत, मालकीण चांगली. मग अंकुशला बाहेर बोलावलं.

त्याने चहा मागवला आणि कपाकडे पाहून बोलला. "मामा, तिनं अकरा तारखेलेच लिहून देल्लं. नोकरी नको म्हनून. बंगळूरचं पत्र आलं नं तिले. कागद मीच साहेबाच्या टेबलावर ठेवला. मले माराचं असन तर मारा."

मारलं नाही. चहाही प्यायलो. मालकिणीला जाऊन सांगितलं, खोली नको. दुपारच्या गाडीत खिडकीजवळ बसलो आणि मला रडू आलं. नोंद आहे, खोटं लिहायचं नाही. कंडक्टर ओळखीचा होता, त्याने तिकडे पाहिलंच नाही.

घरी कोणाला काही बोललो नाही. दात कसा आहे विचारलं, दुखतो म्हणून सांगितलं.

२८ जून, शनिवार

सकाळपासून कोणाशी बोललो नाही. दातामुळे, असं घरात समजतात. रागाने नुसता जळतो आहे. तेवीस माणसांना सांगितलं मी! आणि नोकरी अशी तशी नाही, चार पाय सारखे असलेली खुर्ची. ती पायाने लोटून दिली.

दुपारी तिचा चौकटीचा एक कोरा कागद घेतला आणि गाड्यांचा तक्ता मांडतो तसं मांडायला बसलो. कोणाला केव्हा कळलं. डाव्या कोपऱ्यात प्रतिक्षा, उजव्या कोपऱ्यात बंगळूर. मधात रत्नमाला, म्हणून लोणच्याचा मसाला. मग विमलाबाई, म्हणून तिकडची भाषा. मग अंकुश, त्याची मीटिंग. आणि धर्मेंद्र! पांढरा रंग म्हणे संपला! त्यालाही रत्नमालाने जाऊन थांबवलं असणार. एकेका ठिपक्याला रेघ जोडत गेलो. प्रतिक्षा, स्वयंपाकघर, कोंढा, भंडारा, पेंटरचं दुकान, बंगळूर. रेघ केवढी लांब वळसा घेऊन गेली.

कागदाच्या मधोमध, जिथून सरळ वाट होती, तिथे मोठी जागा कोरी राहिली. तिथे काय आहे ते पाहायला मला थोडा वेळ लागला. तिथे मी आहे. मग लाल पेन घेतला आणि गोल काढला. लाल गोल कोंढ्यावर नव्हता, इथे पवनीत होता, आरामखुर्चीत बसलेला.

आरामखुर्चीतून उठून ओसरीत जाऊन उभा राहिलो. तिथेही तोच होतो.

२९ जून, रविवार

काल नीट झोप लागली नाही. पहाटे उठून ही वही पहिल्यापासून वाचली. म्हटलं, पुरावा गोळा करू आणि सगळ्यांना एकदा चांगलं झापू.

७ मे. तिने बंगळूर सांगितलं, मी तीस जून म्हटलं. १२ मे. दोन गाड्यांचा प्रश्न. अरे, तो गाड्यांचा प्रश्न नव्हताच! २३ मे. 'एकदा पाहून याले पाहिजे होतं नं बाबा.' २९ मे. 'रागावसान नाही नं?' आणि मी पाटीचं लांबण लावलं. म्हणजे पोरगी सरळ वाटेने चार वेळा आली होती. चारही वेळा मी नाल्यावर कंबरभर पाणी आहे म्हणून गाडी अडवली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, वेळेसकट. शेजारीच सगळं होतं आणि मी काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो.

सकाळी प्रतिक्षा भाकरी खायला बसली होती, तिच्यासमोर कागद ठेवला. पाहिला आणि तिच्या हातातली भाकरी ताटात पडली. रत्नमाला चुलीजवळून उठून आत गेली, पण दाराआडच उभी राहिली. साडी दिसत होती.

"माह्यावर खर्च किती धरला होता?" मी विचारलं.

"बाबा..."

"आकडा सांग."

"हजार," ती रडत म्हणाली.

"हजार? कोंढ्याच्या क्षेपणास्त्राले पाचशे देल्ले होते नं?"

दाराआडून रत्नमालाला हसू आलं की रडू, कळलं नाही. दोन्ही असावं. प्रतिक्षा डोळे पुसत म्हणाली, "तुमी पाटी सांगून देल्ली होती बाबा. तेवीस जनाले सांगतलं होतं. मले वाटलं, बाबा आतून मोडतीन. रागाचं भेव नव्हतं वाटत. याचंच वाटे."

मी एवढंच म्हटलं, "मोडलो नाही. पाहा, बसलो आहो." आणि तिच्या ताटातली भाकरी घेऊन खाऊ लागलो. दात दुखत नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

अंदाज तिचा चुकला म्हणावं, तर मे महिन्यात तो चुकला नव्हता. मागची पानं साक्ष आहेत. पाणी तेव्हा होतं. आता उतरलं.

३० जून, सोमवार

मुदतीचा शेवटचा दिवस. दिवसभर घड्याळाकडे नजर जात होती. चार वाजले. खरं सांगतो, एकदा मनात आलं, अजून एक तास आहे, भाड्याची गाडी केली तर... भंडाऱ्याला पोचलो नसतो, हे मलाच तोंडपाठ आहे. साडेचारला प्रतिक्षा येऊन बाजूला बसली. बंगळूरला काय करणार ते सांगू लागली. तिथे नकाशावरचे लाल गोल जागचे हलतात, म्हणे, आणि विमानाला उडता उडता वाट बदलावी लागते. मी म्हटलं, गोल हालतेत हे बरोबर आहे. मोठे जड असतेत पन, वेळ लागते.

पाच वाजले. कचेरी बंद झाली असेल. नोंद: गाडी रद्द. प्रवासी दुसऱ्या गाडीने जाणार.

संध्याकाळी धर्मेंद्रकडे गेलो. मला पाहून तो ब्रश शोधू लागला. म्हटलं, "राहू दे बाबू, तुहा रंग संपला ते चांगलंच झालं." पाटी घेऊन आलो. नुसतं नाव, खाली जागा कोरी. दारावर लावली. प्रतिक्षा म्हणाली, खालची जागा रिकामी दिसते. रत्नमाला म्हणाली, दिसू दे.

६ जुलै, रविवार

तेवीस जणांना परत सांगायचं होतं. एका दिवसात नऊ झाले. लोक आधी म्हणतात, "सरकारी सोडली?" मग मी खिशातून झेरॉक्स काढतो, आभाराचं पान. एकाने विचारलं, विमानाला धोका टाळून कसं नेतात? त्याला अर्धा तास उभं करून समजावलं. तो म्हणाला, समजलं. समजलं नव्हतं, पण माणूस चांगला आहे.

२७ जुलै, रविवार

सकाळी सातच्या नागपूर गाडीने प्रतिक्षा गेली. तिथून रेल्वे. सोबत स्टेशनपर्यंत अंकुश. सुटकेस टपावर चढवायची म्हणत होता, मी डिक्कीतच ठेवायला लावली आणि दोनदा ओढून पाहिली. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. पहिल्यांदाच उशीर बरा वाटला.

पोरगी खिडकीत बसून हात हलवत होती. पाया पडताना म्हणाली होती, "आता काही असलं तर आधी तुमालेच सांगीन बाबा." मी म्हटलं, सांग, अन् माह्यावर खर्च एक धर. फार झालं तर दहा.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही तिघं तिथेच उभे. विमलाबाई पहाटेच कोंढ्याहून आली होती. रत्नमाला पदराने तोंड पुसत होती आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसत होती. विमलाबाईने माझा हात धरला. आमची आई गेली तेव्हा धरला होता तसाच, घट्ट. म्हणाली, "गुलाब, तू एसटीतला मानूस. तुले सारं ठाव. खरं सांग, बंगळूर किती लांब आहे रे?"

मला आकडा माहीत होता. साडेअकराशे किलोमीटर. कालच दोनदा मोजला होता. रत्नमालाही पदर खाली करून माझ्याकडे पाहू लागली.

"हे काय बाई," मी म्हटलं, "इथंच आहे."